आई तेलाने भाजली आहे, 'नॅनो सिल्व्हर'च्या पट्टीचा कुणाला अनुभव आहे का?

जास्वंद (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि कारण चांगलं नाहीये. शनिवारी संध्याकाळी आई (वय ६७, शुगर आहे) चकल्या तळत होती, झारा कढईच्या कानात अडकला आणि कढईच कलंडली. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत आणि डाव्या मांडीवर उकळतं तेल. मी बाहेरच्या खोलीत होते, ओरडणं ऐकून धावले तर ती नुसती हात वर धरून उभी. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणली आणि मी घाबरून लावूही दिली थोडी, मग भावाने फोनवर ओरडून सांगितलं की आधी धुऊन टाक आणि नळाखाली धर, तेव्हा कुठे पाणी सुरू केलं. बांगड्या साबण लावून काढल्या, तोवर हात सुजायला लागला होता.

सांगलीत एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आहोत. प्लास्टिक सर्जन म्हणाले अंगाचा एकूण ५-६ टक्के भाग भाजलाय, हातावरचं वरवरचं आहे, मांडीवरचा मधला भाग खोल वाटतोय पण नक्की काय ते आठ-दहा दिवसांनी कळेल. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आता पहिल्या दोन दिवसांत पांढरं मलम लावून रोज ड्रेसिंग चाललंय आणि खरं सांगायचं तर मला त्या ड्रेसिंगबद्दलच विचारायचंय. आज सकाळी सिस्टरनी गॉज काढताना ते हाताला चिकटलेलं, पाणी टाकून टाकून हळूहळू सोडवत होत्या, त्यांची काही चूक नाही, पण आई पदराचा बोळा दातात धरून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी. तिला मी कधी रडताना बघितलेलं नाही. संध्याकाळपासूनच विचारतेय, उद्या किती वाजता येणार त्या?

डॉक्टर म्हणतात 'नॅनो क्रिस्टलाईन सिल्व्हर'ची पट्टी लावू, तीन दिवस उघडायची नाही. खर्च मलमाच्या कितीतरी पट आहे. वरून मामेभाऊ 'नॅनो गोल्ड' लिहिलेला एक स्प्रे घेऊन आलाय, म्हणे दोन दिवसांत कातडी येते. मला नॅनो म्हणजे गाडी एवढंच माहिती. यात खरं किती आणि विकायच्या गोष्टी किती? कुणी वापरलंय का?

---

कृष्णाकाठ

अरे बापरे. काकूंना लवकर आराम पडो. उपचारातलं मला फार कळत नाही, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो: भाजल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. माझ्या पुतणीच्या वेळी आम्ही बर्फ लावला होता आणि डॉक्टर आमच्यावर भडकले होते, बर्फाने रक्तपुरवठा आणखी कमी होतो म्हणाले. तुम्ही पाणी धरलंत ते बरं केलंत, उशिरा का होईना. हॉस्पिटलला यायचं असल्यास गाडी काढून ठेवतो, निरोप टाका.

---

बर्नवॉर्ड

जास्वंदताई, मी मुंबईत बरीच वर्षं भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात काम केलंय, आता निवृत्त. तुमच्या आईंची जखम मी बघितलेली नाही त्यामुळे निर्णय तुमच्या सर्जनचाच, पण ते जे सुचवतायत ते विकायचं सोंग नाही एवढं नक्की सांगतो.

आधी ते पांढरं मलम काय ते समजून घ्या. सिल्व्हर सल्फाडायझिन. डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये आणलं आणि भाजलेल्यांच्या वॉर्डात तेव्हा जंतुसंसर्गाने माणसं जायची त्या काळात या मलमाने खूप जीव वाचवले, त्याचे उपकार विसरू नयेत. पण त्यातली चांदी जखमेच्या पाण्यात लवकर संपते, म्हणून रोज, कधी दिवसातून दोनदा लावावं लागतं. आणि ते जखमेवर एक पिवळट साय धरतं, ती दरवेळी खरवडून धुवावी लागते, नाहीतर खालची जखम कशी आहे तेच दिसत नाही. रोज धुणं, रोज खरवडणं म्हणजे आलेली नवी कोवळी कातडी पण त्याच्याबरोबर जाते. २०१३ साली भाजलेल्या जखमांच्या ड्रेसिंगवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात या मलमाने जखम भरायला इतर ड्रेसिंगपेक्षा जास्त वेळ लागतो असंच दिसलं. तरीही सरकारी दवाखान्यात तेच चालतं कारण स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं.

आमच्या वॉर्डात सकाळी नऊला ड्रेसिंगची ट्रॉली निघायची. चाकांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की मुलं रडायला सुरुवात करायची, अजून कुणी हातही लावलेला नसायचा. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की भाजलेल्या माणसासाठी चांगलं ड्रेसिंग म्हणजे जे चिकटत नाही आणि जे रोज उघडावं लागत नाही. नॅनो सिल्व्हरची किंमत मी तशीच मोजतो, आईंना किती दिवस हात लावावा लागणार नाही यावर. वेदना कमी होतात हे अभ्यासांतही दिसलंय.

आणि हा शोध फक्त मोठ्या कंपन्यांनी घेतला असं समजू नका. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात १९८०च्या दशकात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग केली, सालं गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग केलं, २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला चिकटतच नाही, काढताना पेशंटला कळतसुद्धा नाही. म्हणजे प्रश्न सगळ्यांनी तोच ओळखला होता, उत्तरं ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे.

स्प्रे मात्र लावू नका. का ते कुणीतरी सांगेलच, मी आता जेवायला उठतो.

---

रसायनवेडा

मी मटेरियल्सवाला आहे, डॉक्टर नाही, तर फक्त 'नॅनो'चं सांगतो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. या पट्टीवरच्या चांदीचे स्फटिक साधारण १५ नॅनोमीटरचे असतात. आता खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर घ्या, वजन सारखं, पण पाण्यात टाकल्यावर कोण आधी विरघळेल? पिठीसाखर, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त. चांदीचं तसंच. आजीच्या चांदीच्या वाटीतून आयन (म्हणजे विद्युतभार असलेले चांदीचे अणू) फार म्हणजे फारच कमी सुटतात, तीच चांदी १५ नॅनोमीटरची केली की ओल मिळाल्यावर आयन सुटत राहतात, एकदम नाही, हळूहळू, दिवसचे दिवस. जंतूंना मारतात ते हे आयन, त्यांच्या एन्झाइममधल्या गंधकाच्या गटांना जाऊन चिकटतात आणि पेशीचं आवरणही बिघडवतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी मार बसतो. कॅनडात रॉबर्ट बरेल यांनी हे काम केलं आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी अशी पट्टी बाजारात आली. निर्वात कक्षात चांदीच्या पत्र्यावर आयनांचा मारा करतात, अणू उडतात आणि प्लास्टिकच्या जाळीवर जाऊन बसतात. म्हणून ती महाग, चांदीमुळे नाही, चांदी त्यात चिमूटभरसुद्धा नसते.

एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा ताई. ही पट्टी लावायच्या आधी ओली करावी लागते आणि ती स्टराइल वॉटरने म्हणजे निर्जंतुक साध्या पाण्याने, सलाईनने नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका बसायचा आठवतंय? तेच इथे होतं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, चांदीचे आयन क्लोराईडशी बांधले जातात आणि कामाचे राहत नाहीत. पैसे पट्टीचे आणि फायदा निम्मा. व्हॅसलीन किंवा तेलकट मलमही त्याच्याखाली नको. आणि सुकू द्यायची नाही, सुकली की आयन सुटणंही थांबतं आणि चिकटते पण.

---

जास्वंद (मंगळवार, दुपारी ३:१५)

तुमचे सगळ्यांचे उपकार कसे मानू. आज सकाळी पट्टी लावायला घेतली. रसायनवेडा, तुमचं वाचून गेले होते म्हणून ट्रॉलीकडे लक्ष ठेवून होते. सिस्टरनी पाकीट फोडलं आणि ट्रॉलीवरची सलाईनची बाटली उचलली, रोजच्या ड्रेसिंगला तीच वापरतात ना, हाताला सवय. मी घाबरत घाबरत म्हटलं, सिस्टर, ही साध्या स्टराइल पाण्याने भिजवायची असते का? त्या थांबल्या, पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचलं, आणि म्हणाल्या हो खरंच की. मग दुसरी बाटली मागवली. त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं की याआधी दोन पेशंटना सलाईनच वापरलं होतं, कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला राग येत नाहीये, पण इतकी महागडी पट्टी वॉर्डात येते तेव्हा ती कशी भिजवायची हे दहा मिनिटं बसून कुणी सांगू नये?

पट्टी दिसायला राखाडी-निळसर, पातळ, चुरचुरीत कापडासारखी. मनगटापाशी दुमडून बसवली, वर ओलं गॉज, मग कोरडं बँडेज. आईने विचारलं, झालं? एवढंच?

---

साधा_माणूस

विरोधासाठी विरोध म्हणून लिहीत नाही, काळजी आहे म्हणून लिहितोय. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ पेशंटवर मध आणि हेच पांढरं मलम यांची तुलना केली होती, ब्रिटिश सर्जरीच्या जर्नलला छापून आली, मधाच्या जखमा कितीतरी लवकर स्वच्छ झाल्या. मग सामान्य माणसाला महागडी पट्टी कशाला? दुसरं असं की चांदी अंगात जाते आणि कातडी निळी पडते हेही वाचलंय. २०१० मध्ये चांदीच्या ड्रेसिंगच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला त्यात पण ठोस पुरावा नाही म्हणाले होते.

---

बर्नवॉर्ड

साधा_माणूस, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवं.

मध. सोलापूरचं काम मला अभिमानाचं वाटतं. वरवरच्या भाजण्यावर मधाने साध्या ड्रेसिंगपेक्षा लवकर जखम भरते हे नंतरच्या आढाव्यातही टिकलं. पण तो मध स्वयंपाकघरातल्या बरणीतला नसतो, जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. आणि मधाचं ड्रेसिंगही वारंवार बदलावं लागतं, पाझरतो. शुगर असलेल्या ६७ वर्षांच्या बाईच्या मांडीवर मी ते घरी करायला सांगणार नाही.

निळी कातडी, होय, त्याला अर्जिरिया म्हणतात. २००६ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलाची केस छापली गेली, ३० टक्के भाजलेला होता आणि नॅनो सिल्व्हरचीच पट्टी, त्याचा चेहरा राखाडी दिसायला लागला, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले आणि पट्टी काढल्यावर सुधारले. म्हणून मोठ्या भागावर, खूप दिवस, लहान मुलांत जपून. ५-६ टक्क्यांवर आठ-दहा दिवस यात मला भीती वाटत नाही. पट्टीच्या भोवती कातडीवर काळपट डाग दिसेल तो वरवरचा असतो, जातो.

पुराव्याचं म्हणाल तर २०१०चा आढावा सगळ्या प्रकारच्या चांदीच्या मलमपट्ट्यांचा होता, आणि त्याचं म्हणणं असं की जखम लवकर भरते किंवा संसर्ग टळतो हे सिद्ध करायला पुरेसा पुरावा नाही. मला ते पटतं. चांदी जखम भरत नाही. चांदी जंतूंना रोखते, जखम शरीरच भरतं. उलट चांदी नव्या पेशींनाही थोडी त्रासदायकच असते, म्हणून जखम स्वच्छ झाली, गुलाबी दिसायला लागली की चांदी काढून साधं न चिकटणारं ड्रेसिंग घ्यायचं. हे न करता शेवटपर्यंत चांदीच लावत बसणारे डॉक्टर मी बघितलेत. ताई, पुढच्या वेळी तुमच्या सर्जनना नक्की विचारा, चांदी कधी थांबवायची.

आणि ड्रेसिंगच्या आधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक द्यायला सांगा. मागितलं नाही तर बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

---

निशिगंध

हा धागा वाचून राहवलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या दिरांना कोविडनंतर म्युकर (ती 'काळी बुरशी') झाला. गालाची कातडी आधी बधिर झाली, मग काळी पडली. डॉक्टरांनी मेलेला भाग कापून काढला आणि सांगितलं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आणा. तेव्हा मला हा शब्द उच्चारता येत नव्हता, आता झोपेतही येतो. केंद्राकडून राज्याला कोटा, राज्याकडून जिल्ह्याला, आणि कलेक्टर ऑफिसच्या बाहेर आम्ही रांगेत. साधं ॲम्फोटेरिसिन मिळत होतं पण त्याने किडनीवर ताण येतो आणि दिरांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं. लायपोसोमल म्हणजे तेच औषध चरबीच्या इवल्याशा गोळ्यांत भरलेलं, १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे ते किडनीत कमी आणि बुरशीकडे जास्त जातं असं आम्हाला एका रेसिडेंट मुलीने कागदावर गोल काढून समजावलं होतं. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

दीर वाचले. एक बाजूचा गाल ओढलेला आहे. नॅनो म्हटलं की मला तो कागद आठवतो.

---

रसायनवेडा

निशिगंध, वाचून गलबलून आलं.

यात एक आपल्याकडची गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. लायपोसोमचा शोध १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी लावला, पण भारतात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बनवायचं काम दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईचं केईएम यांनी मिळून केलं, पेशंटवरच्या चाचण्यांत केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर होत्या. परळच्या त्या कॉरिडॉरमध्ये झालेलं काम आहे हे.

---

मेलबर्नकर

थोडं अवांतर, पण कातडीचंच. इथे ऑस्ट्रेलियात टोपीशिवाय मुलांना शाळेच्या मैदानात सोडत नाहीत आणि सनस्क्रीन तर नेहमीचंच, त्यामुळे 'नॅनो' झिंक ऑक्साईड अंगात जातं का यावर इथे खूप वाद झाला. जुनं झिंक म्हणजे क्रिकेटपटूंच्या नाकावरचा तो पांढरा पट्टा. कण १०० नॅनोमीटरच्या खाली नेले की पारदर्शक दिसतं आणि अतिनील किरण तरी अडतात. २०१० मध्ये इथे एक छान प्रयोग झाला, झिंकचा दुर्मिळ समस्थानिक (झिंकच, पण अणूचं वजन वेगळं, म्हणून रक्तात ओळखता येतो) घालून सनस्क्रीन केलं आणि लोकांना पाच दिवस समुद्रावर लावायला दिलं, मग रक्त तपासलं. रक्तात त्यातलं झिंक आलं पण अगदी नगण्य, शरीरात आधीच असलेल्या झिंकच्या पुढे काहीच नाही. इथल्या औषध नियामकांचंही म्हणणं की कण वरच्या मेलेल्या थरातच राहतात. सनस्क्रीनचा स्प्रे मात्र मी घेत नाही, कण श्वासातून फुफ्फुसात जायला नकोत.

जास्वंद, आईंच्या नव्या कातडीला पुढे वर्षभर उन्हापासून जपावं लागेल, नाहीतर ती काळी पडते. माझ्या हातावरच्या कुकरच्या वाफेच्या डागावरून सांगतेय.

---

काटेसावर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, विदर्भात प्रॅक्टिस करते. तो 'नॅनो गोल्ड' स्प्रे का लावू नये ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, विटांसारख्या रचलेल्या आणि मधे चरबीचा गिलावा, जाडी जेमतेम १०-२० मायक्रोमीटर, पण भिंत अशी की साधारण ५०० डाल्टनपेक्षा (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू सहजी आत जात नाही. म्हणूनच औषध आत न्यायला लायपोसोम वगैरेची धडपड. कॉस्मेटिकवाले १९८६ पासून लायपोसोमची क्रीम विकतायत. त्यातलं थोडं खरं आहे, मोठे कण केसाच्या मुळाशी साचतात आणि तिथून औषध सुटतं, मुरुमांवर सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे कण चोळून तैलग्रंथीत बसवून वर लेझर मारायचा उपचार याच तत्त्वावर आहे. पण हे सगळं अख्ख्या कातडीचं. भाजलेल्या ठिकाणी ती भिंतच नसते! मेलबर्नकरांचं सनस्क्रीन सुरक्षित आहे ते भिंतीमुळे. उघड्या जखमेवर तोच कण थेट आत. त्यामुळे एका ठिकाणी सुरक्षित म्हणजे दुसरीकडेही सुरक्षित असं होत नाही, नॅनोमध्ये तर नाहीच.

स्प्रेवर औषधाचा परवाना क्रमांक आहे का बघा. घटक किती टक्के ते लिहिलंय का बघा. युरोपात २०१३ पासून कॉस्मेटिकच्या घटकापुढे नॅनो असेल तर तसं छापावंच लागतं. आपल्याकडे २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती औषधांसाठी, कॉस्मेटिक म्हणून विकलेल्या बाटलीवर कुणीही काहीही लिहितं. माझ्याकडे रोज गजकर्णाचे पेशंट येतात, सगळ्यांनी आधी मेडिकलमधून स्टिरॉईड मिसळलेलं क्रीम लावलेलं असतं, हल्ली त्यातही 'नॅनो' लिहिलेली बाटली असते आणि विश्वास बसतो तो त्या शब्दामुळे. मला याची मनापासून चीड येते, कारण या शास्त्रात खरोखर चांगलं काम चालू आहे. मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरवर प्रत्येक पेशंटच्या गाठीनुसार बनवलेली एमआरएनए लस, चरबीच्या नॅनो कणात भरून, १५७ पेशंटच्या चाचणीत नेहमीच्या इम्युनोथेरपीला (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार) जोड म्हणून दिली तर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आणि आपण इथे बाटलीतलं रंगीत पाणी फवारतोय.

---

सह्यभटक्या

टाक्यांऐवजी काही नॅनो डिंक निघालाय असं ऐकलं होतं, खरं का?

---

रसायनवेडा

खरं आहे पण अजून प्रयोगशाळेत. पॅरिसमध्ये २०१४ साली सिलिकाच्या नॅनो कणांचं पाणी उंदरांच्या पाठीवरच्या कापावर लावून कडा मिनिटभर दाबून धरल्या, चिकटल्या. डिंक नाही तो, प्रत्येक कण दोन्हीकडच्या ऊतीच्या साखळ्यांना धरून पुलासारखा बसतो. ट्रेकला जाताना सध्या तरी बँडेजच न्या.

---

जास्वंद (शुक्रवार, सकाळी ११:०५)

आज पट्टी उघडली. गोळी आधी दिली होती, मागून घेतली. सिस्टरनी वरचं बँडेज कापलं, गॉज उचललं, मग कोपराकडचं टोक धरून पट्टी थोडं पाणी सोडत सोलली आणि ती आली. सरळ आली. कुठेही अडकली नाही, फक्त मनगटाच्या घडीपाशी, जिथे थोडी सुकली होती तिथे थोडंसं रक्त. आईने पदर हातात गोळा करून तयार ठेवला होता, तो तसाच मांडीवर राहिला. हात गुलाबी झालाय, मधे मधे फिकट ठिपके, डॉक्टर म्हणाले ती केसांच्या मुळांपासून उगवणारी नवी कातडी.

मांडीचं मात्र तसं नाही. तळहाताएवढा भाग पांढरट आहे, टोचलं तरी तिला कळत नाही. तिथे पुन्हा तीच पट्टी लावलीय, भिजवायला सिस्टरनी पाणी स्वतःच आठवणीने आणलं. हातावरची चांदी पुढच्या वेळी बंद करणार, मी विचारायच्या आधीच ते म्हणाले.

काटेसावर, स्प्रे परत केला. मामेभाऊ थोडा हिरमुसला, प्रेमाने आणला होता त्याने.

---

बर्नवॉर्ड

फार बरं वाटलं वाचून. मांडीचं सांगतो. पांढरं आणि संवेदना नाही म्हणजे खोल आहे, तिथे केसांची मुळंही जळलेली असतात, नवी कातडी उगवायला बीजच नाही. तिथे कुठलीही नॅनो पट्टी काही करू शकत नाही, ती फक्त ऑपरेशन होईपर्यंत जंतू दूर ठेवते. तीन आठवडे वाट बघण्यापेक्षा वेळेत ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी काढून तिथे बसवणं) केलेलं बरं, नाहीतर व्रण जाड आणि आखडलेला येतो. बोटांसकट तळहाताएवढं म्हणजे साधारण एक टक्का, आईंच्याच दुसऱ्या मांडीची पातळ कातडी पुरेल.

पण ज्यांचं ४०-५० टक्के भाजतं त्यांच्या स्वतःच्या अंगावर घ्यायला कातडी उरतच नाही. तिथे चांदी नाही, नॅनो नाही, माणसाची कातडीच लागते, निदान तात्पुरतं झाकायला. सायन हॉस्पिटलची स्किन बँक २००० सालापासून आहे, ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरची आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन केला तर टीम घरी येते, मांड्या, पाय, पाठ इथून अगदी कागदासारखा वरचा थर घेते, अर्धा-पाऊण तास लागतो, रक्त येत नाही, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. डोळ्यांचं लोकांना माहीत झालंय, कातडीचं नाही. मी कितीतरी तरुण मुली बघितल्या ज्यांना ती मिळाली नाही. बँकेतला फ्रिज रिकामा असायचा.

---

कृष्णाकाठ

सहा तासांचं माहीत नव्हतं. आजच घरी बोलतो. वडिलांचं वय ८१ आहे, चालतं का?

---

बर्नवॉर्ड

१८ च्या वर कुठलंही वय चालतं. एचआयव्ही, कावीळ बी-सी, कातडीचा कॅन्सर किंवा संसर्ग नसला की झालं. शुगर-बीपी असलं तरी चालतं.

---

जास्वंद (रविवार, रात्री १०:२०)

मांडीचं ग्राफ्ट मंगळवारी सकाळी नऊला ठरलंय. जिथून कातडी काढणार तिथे काय लावणार विचारलं तर म्हणाले पॅराफिन गॉज (व्हॅसलीनसारखं पॅराफिन लावलेलं जाळीचं कापड), आपोआप सुटेपर्यंत ठेवायचं, दहा-बारा दिवस. मी आईला बर्नवॉर्ड यांचं केळीच्या पानाचं वाचून दाखवलं तर म्हणाली, मग परसातलं कापून आण की, एवढी मोठी केळ आहे. तिला समजावलं की ते निर्जंतुक करून गॉजवर बसवलेलं होतं. पटलं नाही फारसं.

स्किन बँकेचंही वाचून दाखवलं. ऐकत बसली, मग म्हणाली, माझी ही जळलेली सोडून बाकीची चालेल का विचार त्यांना. तर विचारतेय.

ग्राफ्टवर पहिले काही दिवस चांदीची पट्टी राहणार आहे. भिजवायची बाटली मी आजच बघून ठेवलीय, त्यावर 'स्टराइल वॉटर' असंच छापलंय, आणि सिस्टरनी ट्रॉलीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहून लावलंय: चांदीची पट्टी, सलाईन नको.

---

बर्नवॉर्ड

चालेल. आईंना सांगा, बाकीची सगळी चालेल. मंगळवारी संध्याकाळी कळवा.